स्थिर पत्र्यातली ओढाताण

टायटॅनियमचा एक मिलिमीटर जाडीचा पत्रा चौकटीत चारही कडांनी घट्ट आवळलेला असतो. खाली साचा नाही, वरून दणका देणारा प्रेस नाही. संगणकाने चालणाऱ्या सीएनसी यंत्रात जिथे एरवी कटर बसतो, तिथे गोल टोकाची एक पोलादी कांडी बसवलेली असते. टोकाचा व्यास साधारण १० मिलिमीटर. कांडी पत्र्याला टेकते, पाव ते अर्धा मिलिमीटर खाली दाबते आणि संगणकाने आखून दिलेल्या वाटेने एक फेरी पूर्ण करते. मग तेवढीच आणखी खाली उतरते, किंचित आत सरकते आणि पुन्हा फेरी सुरू करते. शे-दोनशे फेऱ्या झाल्या की त्या सपाट पत्र्यातून शंकू, वाडगा किंवा एखाद्या माणसाच्या कवटीचा हुबेहूब तुकडा उमटून येतो.

या पद्धतीला ‘इन्क्रिमेंटल शीट फॉर्मिंग’ म्हणतात, म्हणजे थोडे थोडे दाबत पत्रा घडवणे. एडवर्ड लेस्झॅक यांनी १९६७ मध्येच अमेरिकेत अशा साचाविरहित पद्धतीचे पेटंट मिळवले होते. पण कांडीला अचूक वाटेने फिरवणारी संगणकचलित यंत्रे कारखान्यांत सर्रास आल्यावरच तिला खरा वेग मिळाला आणि १९९० च्या दशकात जपानमध्ये तिच्यावर जोमाने काम झाले. मोटारीच्या दाराचा पत्रा लाखांच्या संख्येने लागतो, त्यासाठी महागडे साचे परवडतात. कवटीतले भगदाड झाकणारा तुकडा मात्र एकाच माणसाला बसायचा असतो. जगात एकच नग हवा असेल तेव्हा साचा बनवणे परवडत नाही, अशा वेळी ही फिरती कांडी कामाला येते.

आकार तयार झाला की काम संपले, असे वाटते. पण त्या पत्र्यात आणखी एक घडण झालेली असते आणि ती डोळ्यांना दिसत नाही. टेबलावर निश्चल पडलेल्या त्या वाडग्याच्या भिंतीत काही थर शेजाऱ्यांना ओढत असतात, काही थर दाबले जात असतात. आतले असंख्य स्फटिक आपली मूळ दिशा सोडून वळलेले असतात, काही तर मधोमध दुभंगून वेगळ्या दिशेला तोंड करून बसलेले असतात. तो तुकडा किती वर्षे टिकेल हे बाहेरच्या आकाराइतकेच या आतल्या घडणीवर ठरते.

जाडी कुठे जाते?

आधी एक साधे भूमितीचे सत्य पाहू. पत्र्याच्या कडा आवळलेल्या असल्यामुळे बाजूने नवा माल आत येत नाही. भिंत लांब होते ती पत्रा पातळ होऊनच. भिंत आडव्या पातळीशी ४५ अंशांचा कोन करत असेल, तर एक मिलिमीटरचा पत्रा सुमारे ०.७ मिलिमीटर उरतो. ६० अंशांवर अर्धा मिलिमीटर, ७० अंशांवर जेमतेम एक तृतीयांश. कोनाच्या कोसाइनने मूळ जाडीला गुणले की उत्तर येते. ९० अंशांची उभी भिंत एका दमात करायला गेलो, तर गणित शून्य जाडी सांगते, म्हणजे पत्रा त्याआधीच फाटणार. म्हणून खड्या भिंतींसाठी आधी उथळ आकार, मग त्याहून खोल, असे अनेक टप्पे घ्यावे लागतात.

नवल असे की साच्यात दाबताना जो पत्रा फाटला असता, तो या पद्धतीत बराच अधिक ताणला जातो. साच्यात मोठा भाग एकदम ताणला जातो. कुठेतरी एक कमकुवत जागा सापडली की सगळी ओढ तिथे एकवटते आणि ती जागा आवळत जाऊन तुटते. इथे एका वेळी फक्त कांडीखालचा लहानसा भाग वाकतो आणि ताणला जातो, आजूबाजूचा पत्रा तेवढ्या वेळेपुरता निवांत असतो. कमकुवत जागेला आवळत जायला उसंतच मिळत नाही, कारण कांडी तोवर पुढे गेलेली असते.

बेरीज शून्य, तरी ओढ खरी

कांडी एखाद्या बिंदूवरून जाते तेव्हा पत्रा आधी वाकतो, मग ती पुढे सरकली की उलटा वाकून सरळ होतो. पुढच्या फेरीत ती जवळूनच जाते आणि तो बिंदू पुन्हा वाकतो. असे वाकणे-उलगडणे त्या जागी कितीतरी वेळा होते. धातूला एका दिशेने पक्के ताणून मग उलट दिशेने दाबले, तर तो अपेक्षेपेक्षा लवकर शरण येतो, म्हणजे त्याचा आकार कायमचा बदलू लागतो. म्युनिकच्या योहान बाउशिंगर यांनी १८८० च्या दशकात हे टिपले. त्यामुळे पत्र्याचा हिशेब ठेवताना शेवटची फेरी पाहून भागत नाही. आधीच्या सगळ्या फेऱ्या त्यात जमा धराव्या लागतात.

आता पत्र्याच्या जाडीत डोकावू. वाकताना बहिर्वक्र बाजूचे थर सर्वांत जास्त ताणले जातात, इतके की ते कायमचे लांब होतात. मधले थर मात्र लवचीक मर्यादेतच राहतात, दाब सुटताच त्यांना मूळ लांबीवर परतायचे असते. पण दोन्ही थर एकाच पत्र्याचे आहेत, एकमेकांना घट्ट चिकटलेले. लांब झालेल्या थराला जागा अपुरी पडते म्हणून तो दबून राहतो. परतू पाहणाऱ्या थराला पुरते परतता येत नाही म्हणून तो ताणलेला राहतो. बाहेरचे सगळे बळ काढून घेतल्यावरही उरणाऱ्या या ओढीला आणि दाबाला अवशिष्ट ताण म्हणतात.

त्याचा एक अटळ नियम आहे. पत्र्याला बाहेरून कोणी ओढत नसेल, तर त्याच्या कोणत्याही पूर्ण छेदावर आतल्या सगळ्या ओढी आणि दाब यांची बेरीज शून्यच यायला हवी. कुठे ओढ असेल तर कुठेतरी तेवढाच दाब असतोच. मात्र बेरीज शून्य म्हणून ताण किरकोळ असतो असे नाही. १०० मेगापास्कलचा ताण म्हणजे प्रत्येक चौरस मिलिमीटरवर सुमारे १० किलो वजनाएवढे बळ. शुद्ध टायटॅनियमच्या ‘ग्रेड २’ या नेहमीच्या प्रकारात कायमचा वाक सुरू व्हायला किमान २७५ मेगापास्कल लागतात. त्यातला चांगला मोठा हिस्सा पत्रा गुपचूप पोटात बाळगून बसलेला असू शकतो.

हे बळ उघडे पाडायचा एक सोपा प्रयोग आहे. घडवलेल्या पेल्यातून एक कडे कापून काढायचे आणि ते एका जागी चिरायचे. आत ताण असेल तर कडे चट्‌कन उघडते किंवा मिटते. किती उघडले ते मोजून ताणाचा अंदाज बांधता येतो. कवटीच्या तुकड्याच्या बाबतीतही नेमके हेच होते. चौकटीत असताना आकार अचूक असतो. स्क्रू सैल करून कडेने तुकडा कापला की आतल्या बळांना नवा समतोल शोधावा लागतो आणि कडा हलते. हाडाशी नीट बसायला हवा असलेला तुकडा तेवढ्याने फसू शकतो.

टायटॅनियमच्या बाबतीत ही अडचण मोठी होते, कारण तो हलका आणि मजबूत असला तरी पोलादाइतका ताठ नाही. त्याची ताठरता पोलादाच्या साधारण निम्मी असते. मऊ पोलाद शरण येण्याआधी लवचीकपणे सुमारे ०.१ टक्का ताणले जाते. ६ टक्के अॅल्युमिनियम आणि ४ टक्के व्हॅनेडियम असलेला विमानांत वापरला जाणारा टायटॅनियम मिश्रधातू त्याच्या सातपटीहून अधिक ताणला जातो. जितके लवचीक ताणणे, तितके माघारी फिरणे. कारखान्यात याला ‘स्प्रिंगबॅक’ म्हणतात.

पावसाळ्यात फुटलेली काडतुसे

अवशिष्ट ताणाची किंमत माणसाला कशी कळली, याची एक गोष्ट आपल्याच देशातली आहे. ब्रिटिश फौजा भारतात पितळी काडतुसे वापरत. पावसाळ्यात मोहिमा थंडावल्या की काडतुसे घोड्यांच्या तबेल्यांत साठवून ठेवली जात. पावसाळा सरल्यावर पाहावे तर अनेक काडतुसांना भेगा. कोणी त्यांना हात लावला नव्हता, कोणी ती आपटली नव्हती. ऋतूशी जोडलेला म्हणून या प्रकाराला ‘सीझन क्रॅकिंग’ असे नाव पडले. उलगडा व्हायला १९२१ उजाडावे लागले. मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी दाखवले की दोन गोष्टी एकत्र आल्या होत्या. घोड्यांच्या मुतातून निघणारा अमोनिया पितळावर हल्ला करत होता आणि थंड अवस्थेत ओढून घडवलेल्या काडतुसाच्या भिंतीत आधीपासून ओढीचा ताण दडलेला होता. अमोनियाने सुरुवात करून दिली, भेग फाडायचे बळ काडतुसाने स्वतःच पुरवले. उपाय अगदी साधा निघाला. घडवल्यानंतर काडतुसे माफक तापवली की ताण ओसरतो.

त्या प्रसंगातून घेण्यासारखी गोष्ट अशी की ताण स्वतः चांगला किंवा वाईट नसतो. पृष्ठभागावर ओढ असेल तर भेगेला तोंड उघडायला मदत होते. पृष्ठभागावर दाब असेल तर भेगेचे तोंड मिटून राहते आणि तुकडा वारंवार पडणारा भार कितीतरी जास्त वेळ सोसतो. विमानाच्या इंजिनातल्या पात्यांवर बारीक गोळ्यांचा मारा करून मुद्दाम असा दाबाचा थर तयार करतात. मग फिरत्या कांडीने घडवताना पृष्ठभागावर काय उरते? उत्तर एका शब्दात देता येत नाही. कांडीचा व्यास, प्रत्येक फेरीची खोली, भिंतीचा कोन, वंगण, पत्र्याची आतली आणि बाहेरची बाजू, या सगळ्यांनी ते बदलते. याच कारणाने ते हवे तसे घडवण्याची शक्यताही उघडते.

स्फटिक वळतात, जुळे जन्मतात

आता आणखी खोल जाऊ, मिलिमीटरमधून मायक्रॉनमध्ये. पत्रा असंख्य सूक्ष्म स्फटिकांचा बनलेला असतो. त्यांना कण म्हणतात. प्रत्येक कणात अणू शिस्तीत रचलेले असतात. साध्या तापमानाला टायटॅनियमची ही रचना षट्‌कोनी असते, ८८२ अंश सेल्सिअसच्या वर ती घनाकार होते. षट्‌कोनी रचनेत सगळ्या दिशा सारख्या नसतात. षट्‌कोनाच्या उभ्या अक्षाच्या दिशेने स्फटिक सुमारे १४५ गिगापास्कल ताठ असतो, आडव्या दिशेने सुमारे १०४. म्हणजे शेजारशेजारचे दोन कण वेगळ्या दिशांना तोंड करून असतील, तर एकाच बळाखाली ते कमी-जास्त ताणले जातात आणि त्यांच्या सीमेवर त्यांची आपापसात ओढाताण सुरू होते. म्हणून अवशिष्ट ताणाचे तीन स्तर मानतात. एक पूर्ण तुकडाभर पसरलेला, दुसरा कणाकणांमधला, तिसरा एकाच कणाच्या आतला.

कायमचा आकार बदलतो तो अणूंचे थर एकमेकांवरून सरकल्याने. संपूर्ण थर एकदम सरकायला इतके प्रचंड बळ लागले असते की कोणताही धातू हाताने वाकला नसता. प्रत्यक्षात स्फटिकात एक रेषेसारखा दोष असतो, तिथे अणूंची एक अर्धी ओळ मध्येच संपते. ही रेषा एकेक अणू पुढे सरकते आणि तिच्यामागे थर सरकलेला असतो. १९३४ मध्ये जेफ्री टेलर, एगॉन ओरोवान आणि मायकेल पोलान्यी या तिघांनी स्वतंत्रपणे ही कल्पना मांडली. या रेषांना ‘डिस्लोकेशन’ म्हणतात. दोन दशकांनी, १९५६ मध्ये, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून त्या प्रत्यक्ष दिसल्या.

नीट तापवून मऊ केलेल्या धातूच्या एका घन सेंटिमीटरमध्ये या रेषा एकापुढे एक मांडल्या तर लांबी साधारण १० ते १००० किलोमीटर भरेल. थंड अवस्थेत भरपूर घडवलेल्या धातूत ती १० लाख किलोमीटरपर्यंत जाते. पृथ्वीपासून चंद्रापर्यंत जाऊन परत येऊनही उरेल एवढी लांबी, साखरेच्या क्यूबएवढ्या धातूत! इतक्या रेषा एकमेकींत अडकतात, कोणालाच सहज सरकता येत नाही आणि धातू कडक होतो. पुण्याच्या तांबट आळीतले कारागीर तांब्याचा हंडा मठारतात तेव्हा हेच घडते. हातोडीच्या प्रत्येक ठोक्यागणिक तांबे आकारही घेते आणि कणखरही होते. फार कडक झाले की ते भट्टीत तापवून पुन्हा मऊ करून घेतात. हातोडीच्या जागी कांडी आणि तांब्याच्या जागी टायटॅनियम घेतले की आपण प्रयोगशाळेत पोहोचतो.

टायटॅनियम मात्र तांब्याइतका सरळ नाही. त्याच्या षट्‌कोनी रचनेत आडव्या दिशेचे सरकणे सोपे, पण उभ्या अक्षाच्या दिशेने लांबी बदलायची तर ते फार कठीण जाते. अशा वेळी स्फटिक दुसरा मार्ग काढतो. कणाचा एक पट्टा क्षणार्धात नव्या दिशेला वळतो आणि मूळ रचनेचे आरशातले प्रतिबिंब होऊन बसतो. याला जुळे स्फटिक म्हणतात. टायटॅनियममधल्या एका नेहमीच्या जुळ्या प्रकारात नवा भाग मूळ दिशेशी जवळपास ८५ अंशांचा कोन करतो, म्हणजे उभा अक्ष जवळजवळ आडवा होतो. जुळे कणाला चिरत जातात, मोठ्या कणाचे लहान लहान भाग होतात आणि रेषांची वाट आणखी अडते.

शिवाय कारखान्यातून येणारा पत्रा कोरा नसतो. लाटून तयार झाल्यामुळे त्याच्या स्फटिकांना आधीच एक सामाईक कल असतो. त्यामुळे लाटण्याच्या दिशेने आणि तिच्या आडव्या दिशेने पत्रा वेगवेगळा वागतो. कांडी गोल शंकू काढत असली तरी पत्र्याच्या दृष्टीने चारही बाजू सारख्या नसतात.

अणूंमधले अंतर हीच मोजपट्टी

हे सगळे मोजायचे कसे? इथे मला विज्ञानाची सर्वांत देखणी युक्ती दिसते. टायटॅनियमच्या षट्‌कोनात शेजारी अणू सुमारे ०.२९५ नॅनोमीटर अंतरावर असतात. १०० मेगापास्कलच्या ताणाने हे अंतर जेमतेम हजारात एक भागाने बदलते. एवढा सूक्ष्म फरकही क्ष-किरणांना कळतो. स्फटिकाच्या थरांवरून परावर्तित झालेले किरण ठरावीक कोनातच जोमाने बाहेर पडतात आणि थरांमधले अंतर बदलले की तो कोनही बदलतो. लॉरेन्स ब्रॅग यांनी १९१२ मध्ये हा नियम मांडला आणि १९१५ मध्ये वडील विल्यम ब्रॅग यांच्यासह नोबेल मिळवले तेव्हा लॉरेन्स २५ वर्षांचे होते. नमुना वेगवेगळ्या कोनांत कलवून थरांमधली अंतरे मोजली की पृष्ठभागाजवळच्या ताणाचे मूल्य काढता येते. धातूच्या आत जणू निसर्गानेच अणूंच्या खुणा असलेली पट्टी ठेवली आहे, आपल्याला फक्त ती वाचायची असते.

अडचण अशी की नेहमीचे क्ष-किरण टायटॅनियममध्ये काही मायक्रॉनच शिरतात. आतले पाहायचे तर विद्युत्‌-रासायनिक पद्धतीने एकेक थर हळुवार विरघळवत खाली जावे लागते आणि काढलेल्या थरामुळे बिघडलेल्या समतोलाची दुरुस्ती आकडेमोडीत करावी लागते. १९३४ पासून वापरात असलेली दुसरी पद्धत म्हणजे पृष्ठभागावर एक बारीक भोक पाडणे. भोकाभोवतीचा धातू मोकळा होऊन किंचित हलतो आणि ती हालचाल शेजारी चिकटवलेल्या मापक गेजवर टिपता येते. तिसरा मार्ग न्यूट्रॉनचा, ते धातूत सेंटिमीटरपर्यंत शिरतात. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातली १९८५ मध्ये सुरू झालेली १०० मेगावॉटची ‘ध्रुव’ अणुभट्टी पदार्थांच्या अभ्यासासाठी असेच न्यूट्रॉनचे झोत पुरवते. पण टायटॅनियम न्यूट्रॉनशीही पूर्ण सहकार्य करत नाही. तो शिस्तीत परतवलेल्या न्यूट्रॉनपेक्षा इकडेतिकडे विखुरलेलेच जास्त देतो, त्यामुळे खूण गोंगाटात हरवते. कणांची दिशा पाहायला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक कामाला येतो. इलेक्ट्रॉनचा झोत बिंदूबिंदूवर टेकवून प्रत्येक ठिकाणी स्फटिक कुठे तोंड करून आहे त्याचा रंगीत नकाशा काढतात. त्या नकाशात जुळे स्फटिक कणांच्या पोटात तिरप्या पट्ट्यांसारखे उठून दिसतात.

आच द्यायची, पण किती?

विमानात वापरला जाणारा तो मिश्रधातू साध्या तापमानाला फारसा वाकायला तयार नसतो, लवकर चिरतो. म्हणून जर्मनीतल्या आखेन विद्यापीठात कांडीबरोबर लेसरचा झोत फिरवून तेवढीच जागा तापवायची पद्धत विकसित झाली. इतरांनी कांडीतून पत्र्यात वीजप्रवाह सोडून स्पर्शाची जागा तापवली. तापलेल्या धातूत डिस्लोकेशनच्या रेषा एकमेकींना रद्द करू लागतात, जुन्या विस्कटलेल्या कणांच्या जागी नवे स्वच्छ कण उगवू लागतात, पत्रा नरमतो आणि माघारी फिरणेही घटते.

पण आच दुधारी असते. एकच जागा तापून थंड होते आणि आजूबाजूची थंडच राहते, त्यातून नवा ताण जन्मतो. शिवाय तापलेला टायटॅनियम हवेतला ऑक्सिजन शोषून घेतो आणि पृष्ठभागावर कडक, ठिसूळ कवच चढते. त्याच कवचात भेगेची सुरुवात होऊ शकते, म्हणून ते काढून टाकावे लागते. काम झाल्यावर शुद्ध टायटॅनियम साधारण ४८० ते ५९५ अंशांवर काही काळ ठेवले, तर नवे कण न उगवताही बराचसा ताण ओसरतो. किती ताण घालवायचा आणि थंड घडणीतून मिळालेला किती कणखरपणा राखायचा, हा तोल साधण्यात धातूशास्त्रज्ञाचे कसब असते.

आकाराबरोबर ताणही आखायचा

बेल्जियममधल्या लूव्हेन विद्यापीठात योस्ट डुफ्लू आणि सहकाऱ्यांनी टायटॅनियमचे कवटी-चेहऱ्याचे इम्प्लांट या पद्धतीने घडवून दाखवले. रुग्णाच्या सीटी स्कॅनवरून आकार, आकारावरून कांडीची वाट, वाटेवरून पत्रा. टायटॅनियम हाडाशी जुळवून घेतो हे स्वीडनच्या पेर-इंग्वार ब्रोनेमार्क यांच्या १९५२ पासूनच्या कामातून जगाला कळले होते. आता त्याला प्रत्येक रुग्णाच्या मापाने घडवण्याची सोयही मिळाली. अमेरिकेत नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात जियान काओ यांच्या गटाने पत्र्याच्या दोन्ही बाजूंनी दोन कांड्या एकमेकींना साथ देत फिरवल्या. मग प्रत्येक जागी पत्रा कसा आणि किती दाबला जाईल, हेही ठरवता येऊ लागले.

आजवर वाट आखताना मुख्य प्रश्न एकच असे, हवा तो आकार मिळेल का? आता दुसरा प्रश्न त्याच्या बरोबरीने उभा आहे. हीच वाट चालून पत्र्यात कुठे ओढ उरेल, कुठे दाब, कोणत्या कणांत जुळे उगवतील? एकाच आकाराकडे नेणाऱ्या वाटा अनेक असतात आणि प्रत्येक वाट आत वेगळा ताण मागे ठेवते. आकाराचा हिशेब भूमितीने सुटतो. ताणाचा हिशेब प्रत्येक वाकणे-उलगडणे लक्षात ठेवणाऱ्या गणिताने आणि अणूंमधले अंतर वाचणाऱ्या मोजमापाने सोडवावा लागतो. ज्या दिवशी अभियंता भेगेचे तोंड मिटवणारा दाब नेमका हव्या त्या जागी ठेवणारी वाट निवडू शकेल, त्या दिवशी तबेल्यातल्या काडतुसांना फोडणारे तेच बळ रुग्णाच्या डोक्यावरच्या पातळ पत्र्याला वर्षानुवर्षे सांभाळेल.